जीप अपूर्वाला

मी, इंदू बापूसाहेब निटुरे, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार लातूर, कोणाचेही दडपण नसताना व पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. शुद्धीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. माझा मुलगा अनिमेष नातेवाइकांत सांगत फिरतो की आईचं डोकं ठिकाणावर नाही. पुरावा काय, तर आई जीपखाली झोपून स्टार्टर खोलते!

राहते घर अनिमेषला. काढून घ्यावेसे वाटले होते, पण आई आहे मी. ठेवी त्याला व सून अपूर्वाला निम्म्या-निम्म्या.

आता जीप. ती माझ्या नावावर आहे. यजमान गेल्यावर याच जीपने मी शाळेत गेले, अनिमेषला नांदेडला कॉलेजात पोचवले. अलीकडे इंजिन तापले की किल्ली फिरवल्यावर ती नुसती कण्हायची. अनिमेष बॅटऱ्या बदलत बसला. वर मलाच म्हणतो, "आई, बॅटरीच गेली हाय. तुला काय कळतंय त्यातलं?" अरे, तुला वीज शिकवली कोणी?

दसऱ्याच्या पूजेसाठी यानेच हौसेने इंजिन आणि चासी चंदेरी रंगवली, आणि इंजिनला चासीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी त्या रंगावरच आवळली. रंगातून करंट जाणार कसा? अपूर्वाने किल्ली फिरवली, मी मीटर लावला, तेव्हा बॅटरीतला बराचसा जोर त्या पट्टीपाशीच अडताना दिसला. रंग खरवडला, पट्टी बसवली. इंजिन थंड असताना फरक पडला, तापल्यावर रडगाणे तेच. म्हणून स्टार्टर उतरवला. दांड्याला धरणारे बुश झिजून आतला फिरता गाभा बाजूला घासत होता. नांदेडहून गिअरचा नवा स्टार्टर आणवला. तो हलका आहे, करंट कमी खातो आणि इंजिन जोरात फिरवतो.

तोवर चिरंजीवांनी मला न विचारता जीप भंगारात द्यायचे ठरवले होते! माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि मेल्यावरही उतरावा अशी माझी इच्छा नाही.

सबब जीप, मीटर व पान्यांची पेटी एकट्या अपूर्वाला. जीप विकणे, ठेवणे, कोणाला बसवणे हे तीच ठरवील. नवऱ्याला विचारण्याची गरज नाही. उरलेला चंदेरी रंग अनिमेषला.

स्थळ : लातूर. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४.
सही : इंदू बापूसाहेब निटुरे

साक्षीदार :
१. शिवकांता बिडवे, शेजारी.
२. अमरेश गंपले, भंगार व्यापारी. अनिमेषच्या सांगण्यावरून आज जीप न्यायला आले. स्वतः किल्ली फिरवून पाहिली आणि म्हणाले, "काकू, ही तर लई झ्याक चालू हाय. आणा तो कागद, कुठं सही करू?"