पडलेल्याला उचलायचं नाही

२ फेब्रुवारी
खोके कारखान्याविरुद्धची वार्षिक हॉकी मॅच आमची प्रेस सलग सहा वर्षं हरली आहे. कारण एकच. टीम मऊ आहे. स्किल आहे, स्टॅमिना आहे (मशीनमन जिन्यात मला मागे टाकतो), पण कडकपणा शून्य. मॅनेजर साहेब म्हणाले, २६ तारखेला हरलात तर कोच बदलू. मला चिंता नाही. माझ्यासारखा कडक कोच त्यांना शोधूनही सापडणार नाही.
संकल्प : रोज पहाटे पाचला पाच किलोमीटर धावायचं. आधी केले, मग सांगितले.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
आत्ता उठलो. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग.

५ फेब्रुवारी
शेजारच्या बँकेशी प्रॅक्टिस मॅच. ०-४.
बॉल प्रूफरीडरच्या पायाला लागला. अंपायरने पाहिलं नव्हतं. यानेच हात वर करून सांगितलं. झापलं, तर म्हणतो, साहेब, बावीस वर्षांची सवय आहे, चूक दिसली की हात आपोआप वर जातो. त्यांना पेनल्टी कॉर्नर, गोल. नंतर आमचा गोलकीपर, म्हणजे बाइंडर, बँकेचा माणूस पडला म्हणून त्याला उचलायला गेला. लागलं का, असंही विचारलं. बॉल मागून आत. पाहुणचार करायला आल्यासारखे खेळतात मेले.

६ फेब्रुवारी
नोटीस बोर्डावर तीन नियम लावले.
१. पडलेल्याला उचलायचं नाही. आपला असो की परका.
२. 'लागलं का?' हा प्रश्न बंद.
३. प्रॅक्टिसला नडगीचे गार्ड बंद. भीती गेली पाहिजे.

९ फेब्रुवारी
दोन दिवस रजेवर होतो. कागदाने बोट कापलं. कागदाची जखम लोक समजतात तितकी साधी नसते.

१२ फेब्रुवारी
मशीनमनच्या नडगीवर स्टिक बसली. खाली बसला. मी ओरडलो, रडायचं असेल तर आईला घेऊन ये. नंतर कळलं, त्याची आई मागच्याच महिन्यात गेली. मला आधी सांगायला नको? या टीममध्ये कम्युनिकेशनच नाही.
मशीनमन मात्र उठला आणि खेळला. माझी पद्धत लागू पडते आहे.

१५ फेब्रुवारी
बाइंडरने आज पुन्हा मशीनमनला हात दिला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, एवढा मायेचा पूर आला असेल तर घरी जाऊन भाजी निवड. एकोणीस वर्षं गोलमध्ये उभा राहिलेला माणूस. पॅड सोडले, काखेत घेतले, गेला. पॅड त्याचेच. बाइंडिंगच्या कॅनव्हासचे, स्वतः शिवलेले.
नंतर प्रॅक्टिसभर माझ्याशी कोणी बोललं नाही. एकाग्रता वाढली आहे.

१६ फेब्रुवारी, पहाटे ५.२०
धावायला निघालो. कोपऱ्यावर कुत्रं होतं. परतलो. शक्ती कुठे खर्च करायची हे खेळाडूला कळलं पाहिजे.

२१ फेब्रुवारी
पॅडशिवाय गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार नाही. स्टोअरकीपर एक दिवस उभा राहिला, अंगठा सुजवून घेतला. भित्रे. शेवटी जाहीर केलं, गोलमध्ये मी. टीमने टाळ्या वाजवल्या. मशीनमनने सगळ्यात जोरात.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मागच्या वेळी इंजेक्शन घेताना नर्सचा हात कोणी धरला होता ते आठवा. मी विषय बदलला.

२७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
क्रमाने लिहितो.
चौथ्या मिनिटाला खोकेवाल्यांचा पहिला फटका. बॉल माझ्या डाव्या नडगीवर. मी पडलो. 'आई गं' असा आवाज आला तो प्रेक्षकांतून आला असावा.
बॉल समोरच पडलेला. प्रूफरीडर धावत आला. वाटलं, मला उचलतोय. त्याने माझ्या हातावर पाय देऊन बॉल पुढे मारला. मशीनमनने तो घेतला आणि न थांबता, तिघांना चुकवत थेट गोल. दहाही जणांनी मागे वळून पाहिलं नाही. इतका कडक खेळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. तोही आडवा पडून.
मला उचललं ते बाइंडरने. प्रेक्षकांतून आला. लागलं का, असं विचारलं. मी हो म्हणालो. मग पॅड बांधून गोलमध्ये उभा राहिला.
१-० जिंकलो. फोटोत मी नाही. साहेबांनी कोच बदलला. बाइंडर.

४ मार्च
पायाला प्लास्टर. सहा दिवसांत टीममधून एकाचाही फोन नाही. बाइंडर दाराशी आला होता म्हणे, मी झोपलो होतो. शेवटी मीच प्रूफरीडरला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, नियम दोन. मी म्हणालो, पण आता मी कोच नाही. तो म्हणाला, बाकी सगळ्यांचे नियम काढले, फक्त तुमच्यापुरते ठेवलेत.
म्हणजे शिस्त रुजली. शाबास.
एकाने तरी विचारायला हरकत नव्हती.