नारंगी डिस्क

शुक्रवार, १० मे. लासूर स्टेशन, मामाकडं.

प्रवासात डिस्क बॅगेत असतेच. पण डिस्क गोल्फला, म्हणजे ही प्लॅस्टिकची तबकडी लांबून फेकून टोपलीत पाडायच्या खेळाला, लोखंडी टोपल्या लागतात, त्या इथं कुठल्या? टँकरसाठी गल्लीभर रिकामे ड्रम ओळीनं ठेवलेले, त्यांचाच खेळायचा कोर्स केला. नवव्या ड्रममध्ये नारंगी डिस्क एका फेकीत पडली! ती काढायला ड्रम ओढला, तर मामी ओरडली, "अगं, हलवू नको! रांगेतनं निघाला की नंबर गेला!" ड्रम शेजारच्या काकूंचा. लाजच वाटली. काकू मात्र हसल्या, "ठेव जागेवर. अन् मला पण एक फेकू दे की."

मग टँकर आला. मामीनं भरलेल्या हंड्यावर तीच नारंगी डिस्क झाकली. "लई भारी बसली बघ!"

उद्या निघायचंय. डिस्क मागू का? छे. पाण्यावरचं झाकण कुणी काढून नेतं का?