कुंपणापलीकडचा ओक

अर्विंग, १४ ऑक्टोबर

प्रिय आई,

नमस्कार दोघांनाही, पण पत्र तुझ्या एकटीला. तुझा मोबाइल बाबाच आधी बघतात, म्हणून कागद काढला आणि पाकीट शालनमावशीच्या पत्त्यावर टाकलं.

आम्ही मजेत. उकाडा ओसरला, शंतनूचा खोकलाही गेला.

पाडव्याला तुम्ही इथे होतात, तेव्हा गुढी रस्त्यावरून दिसावी म्हणून बाबांनी घरापुढच्या ओकची फांदी छाटली होती. ते झाड वाळलं. परवा तोडून नेलं. इकडे वसंतात ओक छाटत नाहीत. ओल्या कापावर किडे बसतात आणि त्यांच्याबरोबर बुरशी आत शिरते. छाटलंच तर काप लगेच रंगवायचा असतो. मला हे माहीत होतं. बाबा स्टुलावर चढले तेव्हा मी आत पुऱ्या तळत होते.

ओकांची मुळं जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात, रोग तिथूनही पसरतो. म्हणून कुंपणालगत मशीनने चार फूट खोल चर खणून मुळं तोडली. शेजारच्या कार्लोसचे तीन ओक बहुतेक वाचतील. तो आता मला बघून आत जातो. पूर्वी रोज हात करायचा.

बाबांची शुगर कशी आहे? सकाळी फिरायला जातात ना?

दर रविवारी ते झाडाचा फोटो मागतात. सुकायला लागल्यापासून मी जुनेच पाठवत होते, या वेळी कार्लोसच्या ओकचा पाठवला. लगेच उत्तर आलं, “बघ, छाटल्यावर कसा फोफावला!”

तुला दाखवतील. तूही हो म्हण.

तुझी,
आश्लेषा