जुनी प्रत वापरात आहे

१४ नोव्हेंबर २००५, कुरखेडा

आलो एकदाचा. ब्रह्मपुरीच्या दुकानात नोकरी लागली, आणि बाहेरगावचं पहिलंच काम असं जावयाच्या थाटाचं: राहायला खोली, जेवायला मासे. घर तलावाच्या काठाला, मासे धरणाऱ्या ढिवराचं. वारलूभाऊ आणि रुखमाबाई, दोघंच असतात. कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, रोशनचा. गेल्या पावसाळ्यात त्यानं सर्व्हिस पॅकची, म्हणजे मशीनमधल्या जुन्या प्रतीवर नवी बसवायची सीडी लावली, पूर्ण होईस्तोवर मशीन बंद करू नको असं मायला बजावलं आणि जाळं काढायला तलावावर गेला. तो बुडाला. प्रेत मिळालं नाही. तेव्हापासून बाईनं मशीन बंद होऊ दिलेलं नाही. लोडशेडिंगसाठी बॅटरी जोडून ठेवली आहे.

मी म्हटलं, फॉरमॅट मारतो, सगळं पुसून नवं कोरं करून देतो. तिनं माझे पायच धरले. पुसू नोको बाबू, म्हणे, जुन्याच्या वरच बसव, माह्या पोराचं अर्धं राह्यलं तेवढं पुरं करून दे. मला हसू आवरेना. गाढवाला गुळाची चव काय, दुसरं काय म्हणायचं. पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं.

शुक्रवारी मात्र नागपूर गाठायचंच आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मी, तिचा प्रफुल, हात धरायला असल्याशिवाय आमच्या केसरबाई ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाहीत. तोवर मासे हाणू.

१५ नोव्हेंबर

दुपारी वीज आली तशी सीडी लावली. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरसर गेली आणि शेवटाला येऊन अडली. जुनी प्रत वापरात आहे, ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा, असा निरोप. होतं असं. आत काही चालू राहिलं की फाइल बदलता येत नाही. चालू होतं ते एकूणएक बंद केलं. पुन्हा तेच.

जेवताना गंमत झाली. या घरात रोशनची तेरवी केलेली नाही. प्रेत मिळाल्याशिवाय मेला म्हणायचं नाही, असं त्यांचं आहे. रोज कॉम्प्युटरपुढे त्याचा पाट मांडतात, ताट वाढतात आणि मग ते तलावात सोडून येतात. आज झिंग्यांची भाजी होती. पोटात कावळे ओरडत होते, समोर पट्टी अडलेली. बसलो त्याच पाटावर आणि ताट चाटूनपुसून साफ केलं. दोघं दारात येऊन बघत राहिली. वारलूभाऊ काही बोलणार, तर बाईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आता रागावते की काय असं वाटलं, पण तिनं मला आणखी भात वाढला.

१६ नोव्हेंबर

पट्टी थोडी पुढे सरकली. त्या खुशीत बूथवरून नागपूरला शेजाऱ्यांकडे फोन लावला. कोणाला बोलावू, असं त्यांनी विचारलं आणि मला आईचं नाव आठवेना. जिभेवर होतं. माझ्या आईला बोलवा म्हटलं, तर म्हणे तुम्ही कोण. मी फोन ठेवून दिला.

दुपारी हात रिकामे होते म्हणून वारलूभाऊंचं फाटकं जाळं पुढ्यात ओढलं. ऊन उतरेपर्यंत सगळं विणून झालं, गाठी अगदी घट्ट. मला जाळं विणता येत नाही. मी कधी हातातही धरलेलं नाही. रुखमाबाई पाहत होती आणि हसत होती. मला भीती वाटते आहे.

१७ नोव्हेंबर

सकाळी शाळेचं नाव गेलं. पट्टी हलली. मग वडिलांचा चेहरा गेला. पट्टी हलली.

वारलूभाऊंना गाठलं. ते रडायलाच लागले. म्हणे, त्याच्या पाटावर बसला, त्याचं जेवला, त्याचं काम हातात घेतला. आता तू उठला तरी पाट सोडत नाई. मी तिले म्हटलो होतो, थो बी कोण्या मायचं लेकरू हाय. तर म्हणते, माह्यं लेकरू कोणाले दिसलं काऊन नाई.

बंद करायची ती जुनी प्रत मशीनमध्ये नाहीच. ती मी आहे.

बॅटरीची वायर उपटली. डोळ्यांपुढे अंधार, नाकातोंडात पाणी — शुद्धीवर आलो तेव्हा रुखमाबाई पदरानं वारा घालत होती. वायर जागेवर होती. पट्टी चालू होती.

१८ नोव्हेंबर

स्टँडवर गेलो. गाडीत बसलो. कंडक्टर म्हणे, कुठी जाचं, लवकर सांग. गावाचं नाव — मोठं गाव, माझं — तोंडात आलंच नाही. घरी, म्हणालो. लोक हसले. खाली उतरवलं.

आज शुक्रवार. आज कोणाचा तरी हात धरायचा होता. कोणाचा —

२० नोव्हेंबर

मी प्रफुल. मी प्रफुल. मी प्र

मायनं झिंगे केले. मले लय आवडतात.

२७ नोव्हेंबर

काल पट्टी पुरी झाली. माय गळ्यात पडून रडली, बाबू आला म्हणून. बाबा माह्याकडे पाहात नाई.

आज एक म्हातारी आली. नागपूरची म्हणे, ब्रह्मपुरीच्या दुकानातून पत्ता घेतला. डोळ्यानं दिसत नाई तिले, कंडक्टरनं घरापर्यंत आणून सोडलं. पोराले धुंडून राह्यली, कॉम्प्युटर सुधरवाले आला होता म्हणते. मी म्हटलो, बाई, इथी असा कोणी नाई. तिनं कान देऊन आयकलं. माह्यी बोटं चाचपून पाह्यली. मंग म्हणाली, आवाज त्याचा नाही, हात पण त्याचा नाही, याला जाळ्याचे घट्टे आहेत. मायनं पाणी देल्लं. मीच तिले धरून गाडीत बसवलं. ती हात सोडे नाई. एकेक बोट सोडवा लागलं. गाडी गेली.

तिचं नाव इचाराचं राह्यलं. बिचारी केसर —