दिव्यानीची सागवानं

४ मार्च २०२५, मंगळवार

आधी सगळ्यांची तब्येत. प्रवीण गडचांदूरला — खोकला. सिमेंटच्या फॅक्टरीत दहा वर्षं झाली, खोकला आता घरचाच माणूस झाला. सूनबाई बरी. नातवाचा पुढचा दात पडला, फोनवर नुसती हवा ऐकू येते. गाय दोन दिवसांपासून चारा टाकते. माझा गुडघा आहे तिथंच आहे.

दिव्यानी —

दिव्यानी मागच्या खोलीत झोपली आहे. दुपारचे बारा वाजले. पलंगाखालचा केर काढताना सहा सुया निघाल्या. चांदा शहरातल्या दवाखान्यातून तिला कमी केलं, तेव्हा "स्टाफ जास्त झाला" म्हणाली होती. मी मानलं. नर्सच्या घरात सुई निघाली तर त्यात काय, असंही मानलं असतं. पण झोपेत तिची बाही वर सरकली होती.

चंदा गेली ते बरं झालं — बायकोबद्दल असं कधी लिहीन वाटलं नव्हतं!

५ मार्च

विचारलं. सरळच विचारलं. ती भिंतीकडे पाहून बोलली.

"सव्वा वर्ष झालं बाबा. आई गेली तवापासून. पेशंटले अर्धी सुई द्याची, अर्धी माह्यासाठी ठेवाची. एक म्हातारी होती कॅन्सरची. रातभर कण्हत राह्यली. मी बाजूच्या खुर्चीवर झोपून होती."

मग म्हणाली, "मले सुटत नाई बाबा. मी लय करून पाह्यलं."

मी गाईला चारा टाकायला गेलो. तिनं खाल्ला नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

९ मार्च

प्रवीण आला. तापलेला. "गावात कोणाले सांगू नका. पोटाचं ऑपरेशन हाय म्हणा. पोंभुर्ण्याच्या बाजारात गोष्ट गेली की आपल्या घरी पाणी प्याले कोणी येनार नाई."

चांद्याबाहेर एक व्यसनमुक्ती केंद्र शोधून ठेवलं आहे त्यानं. तीन महिन्यांत सरळ करून देतात म्हणे.

सरळ! पोरगी आहे का लोखंडाची सळाख?

१२ मार्च

केंद्र पाहून आलो. मालक गोड बोलला. "बाया आम्ही घेत नाई, पन तुमच्यासाठी सोय करू. स्टोअरच्या बाजूची खोली हाय."

मी विचारलं, कडी कुठून?

"काका, कडी आतून देली तर मंग ते केंद्र कायचं!" आणि हसला. प्रवीणही हसला.

अंगणात एक जण झाडत होता. मान वर नाही. दोन्ही घोट्यांवर काळे वळ. लाकडाच्या डेपोत मी तीस वर्षं ओंडके ओढणारे बैल पाहिले. दोराचा वळ मला कोणी शिकवायला नको.

बाहेर आल्यावर प्रवीण म्हणाला, "बारा हजार महिना. स्वस्त हाय."

मी म्हटलं, "स्वस्त तर विहीरही हाय बापू."

परतताना सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं फुकट. डॉक्टर मायाळू. पण दहाच दिवस ठेवतात, आणि बाईसोबत रात्री घरची बाई पाहिजे. आपल्या घरात बाई कुठं उरली? सूनबाईचं नाव काढलं तर प्रवीण पंख्याकडे पाहू लागला.

१४ मार्च

धुळवड. दिव्यानीला भर उन्हात थंडी. तिच्यावर तीन गोधड्या टाकल्या. बाहेर पोरं रंग खेळत होती.

१८ मार्च

नागपूर. बायांचं केंद्र. दिव्यानीनं स्वतः फोन करून विचारलं होतं, एवढी गोष्ट मला धीर देऊन गेली.

खिडक्यांना पडदे आहेत, कुलपं नाहीत. मी नीलिमा मॅडमला विचारलं — त्या तिथं बायांशी बोलण्याचं काम करतात — की पळून गेली तर? त्या म्हणाल्या, "काका, जायचं तिच्या हातात आहे, म्हणून तर राहण्याला किंमत आहे."

फाटकावर चौकीदारानं माझी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून घेतली. रजिस्टरवर चढवली सुद्धा! दोन तास आत बसलो तर जबडा शिवशिवायला लागला. जीव तिच्यात कमी, पुडीत जास्त. दिव्यानीनं पाहिलं. "दोनच तास झाले बाबा," एवढंच म्हणाली.

तीन महिने. पंचाहत्तर हजार. पहिला महिना फोन बंद, घरच्यांनी दर आठवड्याला पत्र लिहायचं. पत्रं तर मी अख्ख्या गावाची लिहिली आहेत! ओंडक्यांवरचे नंबर पाहून आकडे शिकलो, डेपोच्या पाट्यांवरून अक्षरं.

फॉर्मही मीच भरला. एक ओळ होती — सुरुवात कोणामुळे झाली?

"तिथं 'स्वतः' लिहा," दिव्यानी म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

लिहिलं. अक्षर नीट आलं नाही.

२१ मार्च

बांधावर बारा सागवानं आहेत. दिव्यानी झाली त्या पावसाळ्यात डेपोच्या रोपवाटिकेतून आणली. ओली बाळंतीण चंदा छत्री धरून बांधावर उभी होती — पोरीच्या लग्नाला होतील म्हणून. पोरगी चौतीसची झाली, झाडंही. लग्न जमलं नाही, मग आईचं दुखणं आलं.

लाकडाचा ठेकेदार मुखरू आला. एकेका बुंध्यावर बैलासारखी थाप मारत फिरला.

"गुणवंतभाऊ, परवानगी काढून विकसान तर दीड लाख. पन जंगलवाला येईन, मोजीन, शिक्का मारीन — त्यातच दिवाई उजाडते. मले आजच लिहून द्या. परवानगीचं मी पाह्यतो, तवाच तोडीन. नव्वद हजार हातात."

"दे."

"पोरीच्या लग्नाची होती ना हे?"

"तिच्याचसाठी चालली."

"अरे वा! मंग सांगत नाई तुमी! कुठचा हाय पोरगा?"

तोंडातून निघून गेलं — नागपूरचा.

देवा! आयुष्यात खोटं जमलं नाही, आणि जमलं तर असं.

२६ मार्च

दिव्यानीला सोडून आलो. बसमध्ये म्हणाली, "बाबा, पयलं कोणतं झाड तोडन मुखरूभाऊ?"

"शेंडा मोडलेलं असन."

"ते मीच मोडलं होतं. चवथीत होती. तुमी आईले वादळ सांगतलं."

"तुले माहीत होतं?"

"तुमी माह्यासाठी खोटं बोलता, मले सगळं माहीत रायते."

फाटकातून आत जाताना वळून म्हणाली, "टायमावर जेवत जा." तिची आई असंच म्हणायची.

३० मार्च

पाडवा. शेजारची लच्छूची आई साखरगाठी घेऊन आली. "मुहूर्त कवाचा हाय भाऊ? पोरगी दिसत नाई, बस्त्याले गेली काय?"

जूनचा म्हटलं. तीन महिने धरले तर जूनच येतो. ती जाताना दाराला हात लावून म्हणाली, "चंदाबाई पाह्यजे होती." तेवढंच एक खरं बोलणं झालं आज.

६ एप्रिल

दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. झाडं विकली तरी उभीच आहेत. सावलीत बसायला आता मुखरूला विचारावंसं वाटतं.

गाय खायला लागली.

१३ एप्रिल, रविवार

नागपूरला बोलावलं होतं. दिव्यानी भेटली नाही. नीलिमा मॅडमनी चहा दिला, आणि दार लोटून घेतलं.

"काका, अंगातून औषध गेलंय तिच्या. तो भाग झाला. पण परवा ती बॅग भरून फाटकापर्यंत गेली. येत्या रविवारी घरी जाते म्हणते. आम्ही अडवणार नाही. पण आत्ता गेली तर आठ दिवसांत पुन्हा सुई घेईल, हे तिलाही माहीत आहे."

मी म्हटलं, पैशाची चिंता नाही, पुढचे मी आणले आहेत.

"पैशाचं नाही काका. तुमची पत्रं ती मोठ्यानं वाचते. त्यात गाय आहे, प्रवीणभाऊंचा खोकला आहे, नातवाचा दात आहे. तुम्ही कुठं आहात?"

चहावर साय धरली होती. ती पाहत बसलो.

"सुरुवात कशी झाली विचारलं की ती तोंड मिटते. परवा एवढंच बोलली, मी सांगितलं तर घरी एक माणूस मरून जाईल. कोण काका?"

मी म्हटलं, माहीत नाही.

चौकीदारानं परत दिलेली पुडी बसस्टँडवरच्या नालीत टाकली. दिवसभर दातांना काम नव्हतं. आपलेच ओठ चावत आलो.

१५ एप्रिल

दिव्यानी, तब्येत विचारतो. माझी आधी सांगतो — बरी नाही. तुझ्या आईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवसापासून नाही. तू पाच रात्री झोपली नव्हतीस. तिच्या औषधाच्या डब्यात उरलेली दुखण्याच्या सुईची शिशी मी काढली आणि तुझ्या हातात ठेवली. "आईले आराम पडत होता, तूही घे बाई, एक दिवस झोप." तू दोनदा नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा मी तुला चंदाची शपथ घातली. मला वाटलं, माया करतो आहे. तू झोपलीस तर मला आनंद झाला होता ग.

फॉर्मातलं "स्वतः" खोडायला सांग. तिथं माझं पूर्ण नाव लिही. घरी कोणी मरत नाही, बाई. आत्ता येऊ नको.

हे पान फाडून पोस्टात टाकतो. लवकर लिही. शिव्याच लिहायच्या असतील तर शिव्या लिही. पण लिही.