धोंडूच्या वाट्याची चटणी

१२ नोव्हेंबर १९६७
झटक्यानंतर आज पहिल्यांदा ड्यूटीवर. शिडी चढायची नाही, असा हुकूम. पंचवीस वर्षं स्टेशनं रंगवली, आता फलाटावरची बाकं रंगवा. डॉ.नी बायकोला, काशीला समोर बसवून सांगितलं होतं, वनस्पती तूप बंद. करडईचं तेल बेतानं, एकाच तेलावर राहू नका. गावाकडं जवस खात होता ना, ते रोज थोडं पोटात जाऊ द्या. मग तिला बाहेर पाठवून मला म्हणाले, दुसरा झटका झेपायचा नाही.

१५ नोव्हें.
काशी माहेरी, औंढ्याला जाऊन पायलीभर जवस घेऊन आली. भावानं बियाण्यातलं काढून दिलं. लगेच भाजलं, लसूण-मिरची घालून कुटलं. घरभर तो वास. माझी भूकच मेली. जवस म्हणजे आम्हा रंगाऱ्यांचं अळशीचं तेल. जन्मभर रंगात तेच कालवलं. दाराला लावलं की चार दिवसांत कातडं धरतं, मग खरवडून निघत नाही. शिरांत जाऊन ते दुसरं काय करणार? डॉक्टरला रंगकाम काय कळतं.

१६ नोव्हें.
काशीला बोललो नाही. घाबरलाय म्हणेल. डब्यातली चटणी स्टेशनावरच्या हमालीकामाच्या गड्याला, धोंडू खलाशाला दिली. टाकव्याचा गडी, बोटं चाटून खाल्ली. "भाऊ, वयनीच्या हाताला लय चव हाय."

२८ नोव्हें.
रोज तेच. डब्यातली चटणी धोंडूला, घरी ताटातली भाकरीखाली दडवून नंतर मोरीत. दुपारी गाड्यावरची भजी, वनस्पतीत तळलेली. थंडीनं गाड्यावरचं तूप डब्यात दगडासारखं, पण बोटावर घेतलं की विरघळतं. आतही विरघळत असेल. रिकामा डबा बघून काशी खूश. स्वतःची लाज वाटते. भजी सुटत नाहीत.

९ डिसें.
काशीच्या ताटात चटणी नाही. का, विचारलं. म्हणाली, तुम्हाला उन्हाळ्यापर्यंत पुरवायचीय, मला नसली तरी चालतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

१५ डिसें.
दवाखाना. परवा फलाटावर कळ आली, डावा हात बधिर. धोंडूनं सामानाच्या हातगाडीवर घालून आणलं. वाचलो कसा, कोण जाणे. डॉ.नी खाण्याचं विचारलं. काशीनं सांगितलं, चटणी एक दिवस चुकली नाही. डॉ.नी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं तोंड केलं. रंग वाईट लावलाय इथं, पोपडे धरलेत.

२३ डिसें.
घरी. अशक्तपणा फार. दुपारी ताटात चटणी नव्हती. विचारलं, तर काशी भांडी आवरू लागली. मग म्हणाली, "डाक्टर थोडं म्हनलं व्हतं. तुमाला लवकर बरं वाटावं म्हनून म्याच मूठ मूठ घालत व्हते. माज्याच हातानं झालं हे."
उरलेलं जवस तिनं औंढ्याला परत धाडलं. चार दिवस झाले, नीट जेवत नाही ती.
खरं काय ते ओठांवर आलं होतं. ती दुधात भाकरी कुस्करून देत होती, मी खाल्ली. भित्रा आहे मी, दुसरं काय.
धोंडूचा निरोप आलाय, उद्या बघायला येतो. काशीनं त्याला जेवायलाच थांबायला सांगितलंय. ताटावर बसला की चटणी मागणारच तो.