फळ्यावरचं ते अधिक

शनिवार, संध्याकाळ. गाझियाबाद.

चैन पडत नाहीये. आज नोएडाच्या त्या काचेच्या इमारतीत कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सचं, गणिताचं पहिलं लेक्चर रेकॉर्ड केलं. समोर मुलं नाहीत. नुसता कॅमेरा, आणि त्यामागे रेकॉर्डिंग करणारा विनीत.

सवयीनं मी फळ्यावर वजाच्या जागी अधिक लिहिलं आणि थांबले. वर्गात रोज अशी एक चूक मुद्दाम करते. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "मॅम, साइन गलत है!" मग पेंगणारेसुद्धा जागे होतात.

आज कुणी ओरडलं नाही. मी थांबले, आणि तशीच पुढे गेले. शेवटी विनीत म्हणाला, "बिल्कुल परफेक्ट, मॅम. बस, वो बीच का पॉज़ काट दूँगा."

घरी आल्यावर आठवलं, ते अधिक तसंच राहिलंय! लगेच विनीतला फोन केला. तेवढा भाग सोमवारी पुन्हा करू म्हणाला.

सुधीर चहा घेऊन आला. "अगं, झालं ना मग? आता कसल्या येरझाऱ्या घालतेस?"

काय सांगू त्याला? मुलांनी पकडलेल्या सगळ्याच चुका काही मुद्दाम केलेल्या नसायच्या. कितीदा खरंच चुकले, आणि "बघत होते, लक्ष आहे का" म्हणत हसून वेळ मारून नेली. वीस वर्षं! मुलांना कळतही असेल.

ते अधिक मला सापडलं, कारण ते मीच ठेवलं होतं. लेक्चरच्या बाकीच्या भागात काय चुकलंय, ते आता कोण ओरडून सांगणार?